मुलाचे आडनाव आणि बँकेतील खाते

विधवा मातेने पुनर्विवाह केला किंवा एखाद्या स्त्रीने विवाहानंतरही माहेरचे आडनाव कायम ठेवले, म्हणजे माता व अपत्य यांची आडनावे भिन्न होतात. अशा मातेला मुलाचे खाते उघडता येणार नाही, हा समज निराधार आहे. मातेला पालक मानून अल्पवयीन मुलाचे बचत किंवा मुदत ठेव खाते उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने १९७६ मध्येच दिली. नात्याचा पुरावा आडनाव नव्हे, तर जन्मदाखला होय. त्यावर मातेचे नाव असले पाहिजे.

पहिल्या पतीच्या निधनानंतर अपत्याचे आडनाव ठरविण्याचा अधिकार मातेला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२२ रोजी दिला. मात्र नवे आडनाव केवळ बँकेच्या अर्जात लिहून भागत नाही. शाळेत एक व बँकेत दुसरे आडनाव राहिल्यास शिष्यवृत्तीची रक्कम अडू शकते. म्हणून प्रथम मूळ नोंदी रीतसर दुरुस्त करून घ्याव्यात आणि मगच खाते उघडावे. ग्रामपंचायत व मुख्याध्यापक यांनी पालकांना याबाबत वेळीच मार्गदर्शन केल्यास मुलाच्या हक्काचा पैसा त्याच्यापर्यंत विनाविलंब पोहोचेल.