आज्ञाधारक घर

दिवस मावळताच अंगणातील दिवा आपोआप लागावा, गच्चीवरील टाकी भरताच पाण्याचा पंप स्वतःहून थांबावा, या गोष्टी आता केवळ कल्पनेतील राहिलेल्या नाहीत. संगणकाच्या साहाय्याने घरातील उपकरणांकडून अशी कामे करून घेण्यास 'गृहस्वयंचलन' म्हणतात. या विद्येचा छंद असलेली माणसे जगभर आहेत.

परंतु घरातील दिवा खरोखर कोणाची आज्ञा पाळतो? पुष्कळ उपकरणे घरमालकाची आज्ञा प्रथम इंटरनेटवरून एखाद्या कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे पाठवतात आणि तेथून उत्तर आले म्हणजेच कामास लागतात. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचे सुमारे ३०० डॉलर किमतीचे असे एक यंत्र होते. घरातील दिवे व कुलुपे त्याच्या योगाने चालत. २०१४ साली ते बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्या यंत्राची सेवा बंद केली. यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. तरीही ते निरुपयोगी ठरले. पैसे मोजून घेतलेली वस्तू घरातच होती, पण तिच्यावरील सत्ता घराबाहेर होती.

ही सत्ता घरात ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणासही वाचता, सुधारता व इतरांस देता येते, त्यास 'मुक्त स्रोत' असे म्हणतात. २०१३ साली पाउलस स्खाउट्सन यांनी 'होम असिस्टंट' हे अशा प्रकारचे सॉफ्टवेअर सुरू केले. पुढे अनेक देशांतील हौशी लोकांनी त्यात भर घातली. २०१२ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आलेल्या 'रास्पबेरी पाय' या तळहाताएवढ्या संगणकाच्या नव्या आवृत्त्यांवर ते चालते.

या छंदात पडणाऱ्याने काही नियम पाळावेत. आरंभ एकाच दिव्यापासून करावा. तो नीट चालू लागल्यावरच दुसरे काम हाती घ्यावे. उपकरण विकत घेण्यापूर्वी ते इंटरनेट बंद असतानाही चालते काय, याची चौकशी करावी. भिंतीवरील बटण काढून टाकू नये. संगणक बंद पडला तरी आजीला दिवा लावता आला पाहिजे. केलेला प्रत्येक बदल वहीत तारखेसह लिहावा. छोट्या संगणकाचे मेमरी कार्ड कधी कधी अकस्मात खराब होते. म्हणून सर्व मांडणीची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवावी. उपकरणाबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, नाहीतर घराचे दार परक्यास उघडे राहील.

सर्वांत महत्त्वाचा नियम जिवाच्या रक्षणाचा आहे. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो व तिचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. मुलांनी ५ व्होल्टच्या छोट्या दिव्यावर प्रयोग करावेत. भिंतीतील तारांचे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

घर स्वयंचलित झाले म्हणजे माणसाने विचार करणे सोडावे, असे नव्हे. यंत्राचे मर्म जो जाणतो, त्याचीच आज्ञा यंत्र शेवटपर्यंत पाळते.

स्वाध्याय
१. रिव्हॉल्व्ह यंत्र बिघाड नसतानाही निरुपयोगी का झाले?
२. 'सत्ता घराबाहेर होती' या शब्दांचा अर्थ स्पष्ट करा.
३. भिंतीवरील बटण का काढू नये?