बावीसची रायफल आणि विद्यार्थ्याचा खिसा

(द्वितीय वर्ष कला)

नेमबाजी हा श्रीमंतांचा खेळ आहे अशी आपल्याकडे समजूत आहे आणि ती अगदीच खोटी नाही. स्पर्धेसाठी बनवलेली परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते. एनसीसीच्या शिबिरात माझ्यापेक्षा सरस नेम धरणारे दोघे मित्र याच धास्तीने नेमबाजी क्लबच्या दारातून परत फिरले. माझे वडील हंगामात गुऱ्हाळावर कामाला जातात आणि आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. तेव्हा लाखांच्या गोष्टी मी करणार नाही. क्लबची एक जुनी, एका वेळी एकच गोळी भरायची .२२ रायफल आम्हा सहाजणांच्या वाट्याला आली आहे. थोड्या पैशांत तिच्याकडून अधिक काम कसे करून घेता येते, याचा जो अभ्यास दीड वर्षात घडला तो येथे मांडतो.

आधी या रायफलीचे वैशिष्ट्य. तिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. पेट घेणारा लेप त्या कडेच्या पोकळीतच भरलेला असतो आणि पिन मध्यभागी न बसता कडेवर बसते. गोळी शिशाची, वजनाने साधारण २.६ ग्रॅम. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी. म्हणून एनसीसीत नवख्याच्या हातात प्रथम हीच रायफल देतात. पण ५० मीटरवरची ऑलिंपिक स्पर्धाही याच गोळीने होते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसला ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणले ते याच प्रकारात. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, तीही बावीसचीच गोळी.

आता मूळ विषय. पैसे हातात आले की सगळ्यांच्या मनात प्रथम येते ती दुर्बीण. माझे मत असे की दुर्बीण शेवटी घ्यावी, किंवा घेऊच नये. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती चालतच नाही. तेथे छिद्राची माशी लागते. शिवाय दुर्बिणीतून आपलाच हात हलताना मोठा दिसतो आणि नवखा घाबरून घोडा हिसकतो.

पहिली सुधारणा फुकटची आहे. लाकडी दस्ता आणि लोखंडी भाग जोडणारे स्क्रू तपासा. ते सैल असतील तर प्रत्येक बारानंतर नळी थोड्या वेगळ्या जागी बसते आणि नेम कितीही चांगला असला तरी गोळ्या विखुरतात. आमच्या रायफलीचा पुढचा स्क्रू हाताने फिरत होता. तो क्लबच्या आर्मररकडून घट्ट करून घेतल्यावर पाच गोळ्यांचा घोळका निम्म्याने आवळला, आणि खर्च झाला एका चहाचा.

दुसरी वस्तू म्हणजे पट्टा. माझ्या मते पैशाचा खरा मोबदला येथे मिळतो. हा पट्टा रायफल खांद्याला अडकवण्याचा नव्हे. डाव्या दंडाला फास बसतो आणि दुसरे टोक पुढच्या हाताच्या टेकूपाशी अडकते. पोटावर झोपून कोपर जमिनीला टेकवला की पट्टा आणि हाताचे हाड मिळून त्रिकोण होतो, आणि रायफलीचा भार स्नायूंवर न राहता त्या त्रिकोणावर जातो. स्नायू थकतात, थरथरतात. हाड थकत नाही. नियमाप्रमाणे पट्टा ४० मिलिमीटरपेक्षा रुंद नसावा. आमचा पट्टा बाजारातून आणला नाही. कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या आमच्या गल्लीतल्या काकांनी बैलाच्या कातड्याचा, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवून दिला. कातडे ताणून वाढणार हे त्यांनी आधीच ओळखले आणि दोन पदर घातले. नायलॉनचा तयार पट्टा याहून महाग पडला असता आणि दंडावरून घसरला असता.

पट्टा घातल्यावर एक परीक्षा करावी. रिकाम्या रायफलीने नेम धरावा, डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. माशी चकतीवरून सरकली असेल तर ती हाताने ओढून आणू नये. कोपर आहे तेथेच ठेवून कंबर थोडी डावी-उजवी करावी. एनसीसीतले आमचे उस्ताद म्हणतात, "बंदूक मत घुमाओ, खुद घूमो."

माशीबद्दल थोडे गणित सांगतो. कला शाखेच्या मित्रांनी घाबरू नये. पुढची आणि मागची माशी यांत ७० सेंटिमीटर अंतर असेल आणि मागची माशी १ मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ७१ मिलिमीटर सरकते. दहा गुणांचे वर्तुळ आहे अवघे १०.४ मिलिमीटरचे! म्हणून बारीक दात्यांनी सरकणारी मागची माशी मिळाली, जुनी का होईना, तर तिच्यावर खर्च करावा. पुढच्या कड्यांचा संच मात्र स्वस्त असतो. चकतीचा काळा भाग ११२.४ मिलिमीटर व्यासाचा. डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवरच्या कड्यात तो २ मिलिमीटर भासतो. कडे याहून बरेच मोठे, साडेतीन-चार मिलिमीटरचे घ्यावे. काळ्याभोवती पांढरी कडा स्वच्छ दिसली पाहिजे, नाहीतर डोळा फसतो.

गालाखाली जुन्या ब्लँकेटची पट्टी बांधून उंची साधली, अंगाखाली गोणपाटावर घोंगडी घातली. यावर अधिक काय लिहायचे?

काही ठिकाणी मात्र काटकसर नको. घोडा हलका करण्यासाठी आतली खाच घरी कानशीने घासणारे लोक आहेत. तो भाग वरवर कडक केलेला असतो. थर गेला की बोल्ट बंद करतानाच बार उडू शकतो. ते काम आर्मररचे. नळी आखूड करणे तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय गुन्हाच आहे. एनसीसीची रायफल सरकारी, तिला स्वतःचा स्क्रूही लावू नये. नळी साफ करताना गज मागच्या बाजूनेच घालावा, कारण तोंडाची कड झिजली की रायफल गेली.

राहिल्या गोळ्या. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. वेगवान गोळी त्याच्या वर सुटते आणि वाटेत खाली येताना डळमळते. स्पर्धेची गोळी म्हणून मुद्दामच हळू असते. कोणती गोळी कोणत्या रायफलीला मानवेल हे मात्र कागदावर सांगता येत नाही. दोन-तीन प्रकारांच्या दहा-दहा गोळ्या झाडून घोळके मोजावेत आणि जो आवळ येईल त्याच लॉटच्या गोळ्या जमेल तितक्या घेऊन ठेवाव्यात. गोळी वाचवायची तर रिकाम्या रायफलीने सराव करावा. पण आत वापरलेला खोखा हवा, नाहीतर पिन नळीच्या कडेवर आपटून खड्डा पाडते.

आम्हा सहाजणांची वर्षाची वर्गणी गेल्या आठवड्यात जमली. चौघांना दुर्बीण हवी होती. दीड तास वाद झाला, घोळक्यांचे कागद भिंतीला लावून दाखवावे लागले. शेवटी सगळे पैसे एकाच लॉटच्या गोळ्यांना गेले, आणि उरलेल्या रकमेत काकांकडून दुसरा पट्टा शिवून येत आहे. क्लबच्या दारातून परत फिरलेल्या त्या दोघांपैकी एकजण रविवारी तो वापरून पाहणार आहे.