पडवीचा रस्ता

आषाढातील एखाद्या दुपारी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडावे, तर कधी कधी पाऊस असा कोसळत असतो की, समोरची महानगरपालिकेची इमारतही धूसर दिसते. ज्यांच्यापाशी छत्री नसते, ते दाराशीच थबकतात. पण ज्यांना हा भाग ठाऊक असतो, ते लगबगीने दादाभाई नौरोजी मार्गाच्या कडेच्या कमानी गाठतात आणि हुतात्मा चौकाच्या दिशेने निश्चिंतपणे चालू लागतात. एका इमारतीच्या कमानी संपतात, तेथे दुसरीच्या सुरू होतात. डोक्यावर छप्पर असते ते त्या इमारतींच्याच वरच्या मजल्यांचे. मधल्या गल्ल्या ओलांडताना चार थेंब अंगावर येतात, एवढेच. कोकणातल्या घराला जशी पडवी असते, तशी ही एका संपूर्ण रस्त्याची पडवीच होय.

ही पडवी कोणा एका धनिकाने बांधलेली नाही. तिच्यावरच्या इमारती अनेक मालकांच्या आहेत. त्यांचे आराखडेही निरनिराळ्या वास्तुकारांनी काढलेले आहेत. मग सर्वांच्या कमानी एका ओळीत कशा आल्या? या प्रश्नाचे उत्तर एका लहानशा नियमात आहे.

आज ज्याला आपण ‘फोर्ट’ म्हणतो, तो भाग एके काळी खरोखरीच तटबंदीच्या आत होता. भोवती खंदक होता आणि आत येण्यासाठी अपोलो गेट, चर्चगेट व बझार गेट असे तीन दरवाजे होते. आत वस्ती इतकी दाटली होती की, १८०३ साली लागलेल्या आगीत तिचा मोठा भाग भस्मसात झाला. पुढे शत्रूचे भय उरले नाही आणि कापसाच्या व्यापाराने शहरात पैसा आला. तेव्हा तटाचा उपयोग संपून अडचण मात्र उरली. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८६२ नंतरच्या काही वर्षांत, तो तट पाडण्यात आला. चर्चगेटच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. तटाच्या आतला जुना रस्ता रुंद झाला. अठराव्या शतकातील गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या नावावरून त्याला हॉर्नबी रोड म्हणत. तोच आजचा दादाभाई नौरोजी मार्ग.

मोकळ्या झालेल्या जागेवर बांधकाम कसे व्हावे, याविषयी त्या काळी दोन वाटा चोखाळल्या गेल्या. टाउन हॉलसमोरच्या मैदानाभोवती एल्फिन्स्टन सर्कल बांधण्यात आले; त्याला आता हॉर्निमन सर्कल म्हणतात. तेथे इमारतींचे दर्शनी भाग एकाच नमुन्याचे ठेवले गेले. उंची तीच, खिडक्यांची मांडणी तीच, खाली कमानींची रांगही तीच. गोल बागेभोवती हात धरून उभ्या राहिलेल्या एकाच गणवेशातील मुलांसारखी ती इमारतींची रांग दिसते. ती शोभते यात शंका नाही. परंतु तशी शिस्त सर्वत्र लावता येत नाही. सगळा भाग एकाच वेळी, एकाच योजनेने उभारला जात असेल, तरच ते साधते.

हॉर्नबी रोडवर तसे नव्हते. तेथे इमारती एकामागून एक, कित्येक वर्षे उठत राहिल्या. प्रत्येक मालकाची हौस वेगळी आणि ऐपतही वेगळी. कोणाला गॉथिक धर्तीच्या टोकदार कमानी हव्या होत्या, कोणाला ग्रीक-रोमन वळणाचे खांब, तर कोणाला घुमट आणि जाळ्या. कोणाचा दगड पिवळसर मालाडी, तर कोणाचा पोरबंदरचा. १८९६ साली सरकारने या रस्त्यासाठी अट घातली ती एवढीच : प्रत्येक इमारतीच्या तळमजल्याला रस्त्याच्या बाजूने पादचाऱ्यांसाठी कमानींचा आच्छादित मार्ग असला पाहिजे. त्यामुळे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या इमारती रूपाने निराळ्या राहूनही एकमेकींशी बोलत असल्यासारख्या दिसतात. १८९८ मध्ये बांधलेली जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची गॉथिक धर्तीची वास्तू याच रस्त्यावर आहे. तिच्या आसपास अगदी वेगळ्या शैलीच्या इमारती आहेत, पण नजर कोठे अडखळत नाही. सगळे काही ठरवून देण्यापेक्षा एकच महत्त्वाची गोष्ट ठरवून देणे किती शहाणपणाचे असते, हे या रस्त्याइतके क्वचितच कोठे दिसेल.

या अटीत मालकाचे नुकसान नव्हते काय? होते, पण दिसते तेवढे नव्हते. तळमजल्याची दर्शनी पट्टी त्याला वाटसरूंना द्यावी लागे. मात्र वरचे मजले त्या पट्टीवरून पुढे येऊन रस्त्याच्या कडेपर्यंत पोचत. म्हणजे जमिनीवर दिलेली जागा वरच्या प्रत्येक मजल्यावर त्याच्याकडेच राही. शिवाय दुकानाच्या काचेवर थेट ऊन येत नसे, आणि पावसातही गिऱ्हाईक दारापुढून जात राही. ज्या शहरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे व्यापाऱ्याला याचे मोल कोणी सांगावयास नको होते.

त्याच १८९६ सालाने मुंबईला आणखी एक कठोर धडा दिला. सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात प्लेगचा रुग्ण आढळला. तो रोग ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. साथीने शहर हादरले आणि अंधाऱ्या, कोंदट चाळींकडे सर्वांचे लक्ष गेले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे घराला उजेड-वारा किती मिळावा याचे मापच ठरविले. खोलीबाहेरच्या भिंतीच्या तळापासून ६३½ अंशांचा कोन करून आकाशाकडे रेषा काढावयाची. समोरच्या घराने ती रेषा अडवता कामा नये. भूमिती शिकणाऱ्या विद्यार्थ्याला यातील मेख कागदावर सहज पडताळता येईल. या कोनात आडवे अंतर उंचीच्या निम्मे येते. म्हणून समोरचे घर ४० फूट उंच असेल, तर मध्ये २० फूट मोकळी जागा हवी. एका नियमाने रस्त्यावरच्या माणसाला छप्पर दिले, तर दुसऱ्याने घरातल्या माणसाला आकाश देऊ केले. भाड्याची एक खोली वाढावी म्हणून ही मोकळी जागा गिळणारे मालक तेव्हाही होते आणि पुढेही निघाले, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील.

हॉर्नबी रोडच्या नशिबीही पुढे दुर्दशा आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुकानांच्या पाट्या वाढत वाढत कमानींवर चढल्या. एकाने चार हात पाटी लावली की शेजाऱ्याला सहा हात लावावीशी वाटे. कोरीव दगड पत्र्याआड आणि प्लॅस्टिकआड गेले. खांबांवर तारांची जाळी लोंबू लागली. गंमत अशी की, सर्वच पाट्या मोठ्या झाल्यामुळे एकही नीट वाचता येईना.

१९९५ साली बृहन्मुंबईतील वारसा-वास्तूंसाठी नियम लागू झाले. त्यानंतर आभा नारायण लांबा या वास्तुविशारद स्त्रीने या रस्त्याचा बारकाईने अभ्यास करून पाट्यांविषयी सूचना तयार केल्या. पाटी कमानीच्या चौकटीच्या आत बसावी, कोरीव काम तिच्याखाली झाकले जाऊ नये, अशा स्वरूपाच्या त्या सूचना होत्या. दुकानदारांना समजावून सांगण्यात आले आणि त्यांच्यातील अनेकांनी जुन्या पाट्या उतरविल्या. पत्र्याआडून कमानींचे दगड पुन्हा बाहेर आले. २००४ मध्ये युनेस्कोनेही या कामाचा गौरव केला. कोणाही दुकानदाराला आपली पाटी आधी उतरविणे जड जाते. शेजारी उतरवील की नाही याची त्याला खात्री नसते. नियम सर्वांना सारखा असला, म्हणजे ही शंका उरत नाही.

एक प्रश्न मात्र पाट्यांइतका सोपा नाही. कमानींखाली केवळ वाटसरू चालत नाहीत. तेथे फेरीवालेही बसतात. घड्याळाचे पट्टे, पेने, कपडे, खेळणी विकून त्यांची घरे चालतात. छपराची गरज त्यांनाही आहे, किंबहुना दिवसभर तेथेच बसावयाचे असल्यामुळे अधिकच आहे. दुसरीकडे, काठी टेकत चालणाऱ्या वृद्धाला किंवा लहान मुलाला कडेवर घेतलेल्या आईला पडवीत पाऊल ठेवावयास जागा उरली नाही, तर तिला वाहत्या रस्त्यावर उतरावे लागते. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे, आणि त्यांनी कोठे बसावे व कोठे बसू नये हे ठरविण्यासाठी समित्या नेमावयास सांगितले आहे. त्या समित्यांत विक्रेत्यांचेही प्रतिनिधी असावे लागतात. खांब आणि दुकानाची पायरी यांमधले अंतर वाढविता येणे शक्य नाही. चालणाऱ्याला आणि विकणाऱ्याला तेवढ्यातच सामावून घ्यावयाचे आहे.