गाडीचे 'स्थिरता नियंत्रण' बंद करणे : सुरक्षितता आणि विमा

व्यापारी व कारागीर बांधवांसाठी अभ्यासलेख

हल्लीच्या बऱ्याच चारचाकी गाड्यांत स्टिअरिंगजवळ किंवा गिअरजवळ एक छोटे बटन असते. त्यावर घसरणाऱ्या गाडीचे चित्र काढलेले असते. मागे नागमोडी रेषा आणि कोपऱ्यात 'ऑफ' हा शब्द. हे बटन 'इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल'चे, म्हणजेच ईएससीचे. कोणती कंपनी त्याला ईएसपी म्हणते, टोयोटा व्हीएससी म्हणते, होंडा व्हीएसए म्हणते. नावे निराळी असली तरी काम एकच आहे. हे बटन दाबावे का, दाबले तर काय होते आणि पुढे अपघात झाल्यास विम्याचे पैसे मिळतात का, हे तीन प्रश्न गाडी चालविणाऱ्या व्यापाऱ्याला तसेच गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला नेहमी पडतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

यंत्रणा काय करते?

वळणावर गाडी दोन प्रकारे हाताबाहेर जाते. एक, पुढची चाके घसरतात आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जाते. दुसरे, मागची चाके घसरतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. ईएससीचा संगणक स्टिअरिंग किती वळले, प्रत्येक चाक किती वेगाने फिरते आणि गाडीचा सांगाडा प्रत्यक्षात किती वळतो आहे, हे सेन्सरच्या साहाय्याने सतत तपासतो. चालकाला जायचे आहे तिकडे गाडी जात नाही असे दिसताच तो एखाद्याच चाकाला ब्रेक लावतो आणि गरज पडल्यास इंजिनची ताकद कमी करतो. उदाहरणार्थ, डावीकडे वळताना मागची बाजू घसरू लागली तर पुढच्या उजव्या चाकाला ब्रेक लागतो आणि गाडी सावरते. चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणे माणसाच्या पायाला शक्य नाही, कारण पायाखाली पेडल एकच असते.

बॉश कंपनीने विकसित केलेली ही यंत्रणा मर्सिडीज-बेंझने 1995 साली आपल्या मोठ्या गाड्यांत प्रथम आणली. 1997 मध्ये स्वीडनमधील एका मोटार-मासिकाच्या चाचणीत याच कंपनीची लहान 'ए-क्लास' गाडी अचानक वळवताना उलटली. त्यानंतर कंपनीने त्या गाडीतही ईएससी सरसकट बसविले. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने 2007 साली नियम करताना असा अंदाज दिला की, या यंत्रणेमुळे एकट्याच गाडीचे अपघात साध्या मोटारींत 34 टक्क्यांनी आणि उंच गाड्यांत 59 टक्क्यांनी कमी होतील. उंच गाडी लवकर कलंडते, म्हणून तिला फायदा अधिक. आपल्याकडे ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालेल्या 'भारत एनकॅप' चाचणीत तीन किंवा अधिक तारे मिळविण्यासाठी ईएससी असणे आवश्यक आहे.

मग बंद करण्याचे बटन दिलेच कशाला?

प्रश्न रास्त आहे. उत्तर गुंजवणे गावाकडे पाहिले की समजते. हे गाव किल्ले राजगडच्या पायथ्याशी, वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखात आहे. पुणे-सातारा महामार्ग सोडून नसरापूर, मार्गासनी, साखर असे करीत येथे येतात. पावसाळ्यात हा भाग म्हणजे भातखाचरे, ओढे आणि चिखल. रस्त्याच्या कडेला उभी केलेली गाडी मऊ मातीत रुतली की चाक जागीच फिरू लागते. चाक घसरते आहे असे पाहून यंत्रणा इंजिनची ताकद तोडते आणि चालकाने कितीही ॲक्सिलरेटर दिला तरी गाडी हलत नाही. अशा वेळी चाक थोडे फिरू देणेच उपयोगी असते. बटन दिले आहे ते या प्रसंगासाठी.

त्याची योग्य पद्धत अशी : बटन दाबावे, चाके सरळ ठेवावीत, कमी गतीने व हलक्या पायाने गाडी बाहेर काढावी आणि डांबरी रस्ता लागताच थांबून यंत्रणा पुन्हा सुरू करावी. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून चालू केले की ती आपोआप सुरू होते. काही मॉडेलमध्ये ठराविक वेग ओलांडला की बटन आपोआप रद्द होते. आपल्या गाडीचे पुस्तक पाहून याची खात्री करून घ्यावी.

चूक होते ती पुढे. चिखलातून निघालेला चालक बटन तसेच ठेवून ओल्या डांबरावर वेग घेतो. पावसाळी वळण, रस्त्यावर वाहून आलेली माती, समोर अचानक आलेले जनावर आणि मागे बसलेली घरची माणसे. यंत्रणेची खरी गरज याच ठिकाणी असते आणि नेमकी येथेच ती झोपलेली असते.

बटन वेगळे आणि फ्यूज वेगळा

आता कारागीर बांधवांच्या कामाची गोष्ट. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "मिस्त्री, हा पिवळा दिवा सारखा लागतो, तेवढा बंद करून द्या." सोपा उपाय म्हणजे फ्यूज काढणे किंवा दिव्याची वायर तोडणे. परंतु ईएससी आणि एबीएस यांचा ब्रेक-पंप व संगणक सामान्यतः एकच असतो. फ्यूज काढला की एबीएसही जाते आणि पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी सोयही जाऊ शकते. तसे झाल्यास जोरात ब्रेक दाबताच मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी आडवी होते. म्हणजे दिवा बंद करण्याच्या नावाखाली ब्रेकच अर्धे होतात.

दिवा लागण्याची कारणे पुष्कळदा साधी असतात. चाकाजवळील सेन्सरवर चिखल बसणे किंवा त्याची वायर तुटणे, ब्रेक-लाईटचा स्विच बिघडणे, बॅटरी कमजोर होणे, व्हील अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या सेन्सरची नोंद पुन्हा न लावणे इत्यादी. टायरवाल्या बांधवांनीही हे लक्षात ठेवावे की, एका बाजूला नवे व दुसऱ्या बाजूला गुळगुळीत, किंवा निरनिराळ्या मापाचे टायर बसविले तर चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि संगणक फसतो. स्कॅनर लावून दोष शोधणे हेच खरे काम होय.

विमा काय म्हणतो?

येथे दोन भाग वेगळे केले पाहिजेत.

पहिला, तिऱ्हाईताचा विमा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार तो सक्तीचा आहे. विमा कंपनीला जबाबदारी टाळता येईल अशी कारणे कायद्याने मोजून दिली आहेत. 2019 च्या दुरुस्तीपूर्वी ती कलम 149 मध्ये होती, आता कलम 150 मध्ये आहेत. परवाना नसणे, परमिटविना भाड्याने चालविणे, आयोजित शर्यत किंवा वेगाची चाचणी अशी ती कारणे आहेत. ईएससी बंद असणे हे त्यांत नाही. शिवाय 2004 च्या स्वर्णसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे धोरण घालून दिले की, अटींचा भंग झाला तरी कंपनीने योग्य प्रकरणी आधी जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी. तेव्हा रस्त्यावरील निरपराध माणूस सहसा उघडा पडत नाही.

दुसरा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. खरी अडचण येथे येते. पॉलिसीच्या प्रमाणित अटींत लिहिलेले असते की, मालकाने गाडीचे नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी आणि गाडी कार्यक्षम स्थितीत ठेवावी. कंपनीनेच दिलेले बटन चिखलात दाबले, एवढ्यावरून हा अटीचा भंग ठरविणे कठीण आहे. परंतु फ्यूज काढून महिनोन्‌महिने गाडी चालविली, तर 'कार्यक्षम स्थिती' कोठे राहिली, असा प्रश्न सर्व्हेअर विचारू शकतो. गाडीच्या संगणकात दोषाची नोंद राहू शकते, हेही विसरू नये.

तथापि घाबरून जाण्याचेही कारण नाही. 1996 च्या बी. व्ही. नागराजू आणि 2016 च्या लखमीचंद या खटल्यांत मालवाहू गाडीत ठरल्यापेक्षा जास्त माणसे होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्या भंगामुळेच अपघात घडला असे दिसत नसेल तर दावा नाकारता येत नाही. म्हणून उभ्या गाडीला मागून ट्रकने धडक दिली असेल, तर ईएससी बंद होते या सबबीवर दावा फेटाळला गेल्यास मालकाने जरूर दाद मागावी. परंतु गाडी वळणावर घसरून खड्ड्यात गेली असेल, तर कारण आणि परिणाम यांचा संबंध उघड आहे आणि मालकाची बाजू लंगडी पडते.

तिसरा मुद्दा कायद्याचा. ज्या दोषामुळे गाडी धोकादायक होते आणि जो माहीत आहे, अशा दोषासह गाडी चालविल्यास कलम 190 नुसार 1500 रुपये दंड आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन इजा किंवा नुकसान झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

अपघातानंतर काही मालक मिस्त्रीला सांगतात, "सर्व्हेअर येण्याआधी फ्यूज बसवून टाका." असे काम कोणीही अंगावर घेऊ नये. ही दुरुस्ती नसून पुरावा बदलणे आहे. एका बिलाच्या मोबदल्यात दुकानाची पत घालविण्यासारखा तोट्याचा सौदा दुसरा नाही.

दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करावा. एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे एक कार्यालय पुण्यात आहे. त्यासाठी शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र मुदत एक वर्षाची आहे.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

1. बटन फक्त चिखल-वाळूतून निघण्यापुरते दाबावे. डांबरी रस्त्यावर यंत्रणा सुरूच असावी.
2. दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करीत आहे, वेग कमी करावा. दिवा कायम राहिला तर यंत्रणा बंद किंवा बिघडलेली आहे, गाडी दाखवावी.
3. मिस्त्रीने फ्यूज काढून गाडी सोपवू नये. गिऱ्हाईक दुरुस्ती नाकारत असेल तर बिलावर 'ईएससी-एबीएस दोष सांगितला, दुरुस्ती नाकारली' असे लिहून सही घ्यावी.
4. मालकाने दुरुस्तीची बिले जपून ठेवावीत. 'वाजवी काळजी घेतली' याचा पुरावा तीच असतात.
5. दावा-अर्जात घडले तसेच लिहावे. खरी माहिती दिलेला दावा कधी कमी रकमेचा होईल, पण खोटा दावा संपूर्ण बुडतो.

ब्रेक आणि टायर यांचे काम करणाऱ्या कारागिराच्या हाती गाडीबरोबर त्यात बसणाऱ्या माणसांचे प्राणही सोपविलेले असतात. गिऱ्हाईकाला दिव्याचा अर्थ समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात. तेवढा वेळ प्रत्येकाने जरूर द्यावा.