तीन आठवड्यांचा खोकला

वाचन : योहान 9:1-7



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. आपण कबरीवर मेणबत्त्या लावतो, आपल्या माणसांसाठी मिस्सा अर्पण करतो. याच महिन्यात जगभर फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी जागृती केली जाते. गेलेल्यांची आठवण करताना घरात आज जे खोकत आहेत, त्यांच्याकडेही लक्ष द्यावे, म्हणून आजचा हा पाठ.

कोणता प्रश्न विचारावा?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने कोणालाच दोष दिला नाही. त्याने त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावला आणि त्याला बरे होण्याच्या वाटेला लावले.

आपणही शिष्यांसारखेच वागतो. कोणाला फुप्फुसाचा कर्करोग झाला असे कळले की, ‘बिडी ओढत असेल’ हा आपला पहिला शब्द. त्यामुळे आजारी माणूस शरमेने खोकला लपवतो. जिने आयुष्यात बिडीला हात लावला नाही, ती माउलीही गप्प बसते. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : ‘खोकला किती दिवसांपासून आहे?’

रोग कशामुळे होतो?

सर्वांत मोठे कारण धूम्रपान हेच आहे. 1950 साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल या दोन संशोधकांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकडेवारीने दाखवून दिला. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा गैरसमज आहे. ती विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा झुरका घ्यावा लागतो आणि धूर खोल जातो. घरात एकाने ओढली तरी तो धूर बायकामुलांच्या छातीत जातो. बंद स्वयंपाकघरातील चुलीचा धूर, हवेचे प्रदूषण आणि अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ यांनीही धोका वाढतो. कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही हा रोग होतो.

बिडी सोडायला कधीच उशीर झालेला नसतो. सोडल्यावर साधारण दहा वर्षांनी या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, जवळजवळ निम्म्यावर येतो. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास 1800-11-2356 या शासनाच्या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

उशीर का होतो?

फुप्फुसाच्या आत वेदना फारशा जाणवत नाहीत, त्यामुळे गाठ गुपचूप वाढते. दुसरे कारण म्हणजे क्षयरोगाशी असलेले साम्य. खोकला, थुंकीत रक्त, वजन घटणे ही लक्षणे दोन्हींत असतात आणि एक्स-रेमधला डागही सारखाच दिसू शकतो. तिसरे कारण आपण स्वतः. साखरा आणि सेनगावकडील गावांत ‘हळदीचे काम उरकले की दवाखान्यात जाऊ’ असे आपण म्हणतो, आणि महिने निघून जातात.

म्हणून एवढे लक्षात ठेवावे :

1. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती मोफत असते.

2. तपासणीत क्षयरोग आढळला नाही आणि खोकला तीन आठवड्यांनंतरही हटला नाही, तर तिथेच थांबू नये. एक्स-रे आणि गरज पडल्यास सी.टी. स्कॅनविषयी डॉक्टरांना विचारावे. कर्करोगाचे पक्के निदान तुकडा तपासूनच होते.

3. क्षयरोगाचे औषध चालू असून गुण येत नसेल, तर ते आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांकडे परत जावे.

4. थुंकीत रक्त, छातीत सतत दुखणे, दम लागणे, आवाज बसलेलाच राहणे किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास वाट पाहू नये.

उपचार कुठे?

सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात करावी. पुढे छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवावे. मुंबईचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 साली सुरू झाले. तेथे गोव्याच्या घराण्यातील कॅथलिक शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी कर्करुग्णांची सेवा केली. हॉस्पिटलजवळच्या रस्त्याला त्यांचेच नाव आहे.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल करिंथकरांना सांगतो (1 करिंथ 6:19). धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही (क्र. 2290) दारू आणि तंबाखूचा अतिरेक टाळण्याची शिकवण आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2018 पासून व्हॅटिकनमधील सिगारेट विक्रीच बंद केली. मात्र ही शिकवण आजारी माणसाच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही. निरोग्याने तिने सावध व्हावे. आजाऱ्याला आपली सोबत हवी आणि धर्मगुरूंकडून पवित्र तेलाचे अभ्यंग हवे. त्यासाठी शेवटच्या घटकेची वाट पाहू नये.

चिंतनासाठी :

– माझ्या घरात किंवा शेजारी कोण बरेच दिवस खोकत आहे? या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाईन का?

– कोणा आजाऱ्याला मी दोष दिला आहे का?

प्रार्थना : हे प्रभो येशू, तू आंधळ्याला दोष न देता हात दिलास. आम्हालाही तसेच करायला शिकव. आमेन.