साठीनंतर दिल्लीत मनाजोगते काम

प्रश्न : दिल्लीत केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर योग्य काम कसे शोधावे?

उत्तर : केंद्रीय कर्मचारी साधारणपणे ६०व्या वर्षी निवृत्त होतात. गट ‘अ’ अधिकाऱ्यांना त्यानंतरच्या वर्षभरात खासगी व्यावसायिक नोकरी धरायची असल्यास सरकारची पूर्वपरवानगी लागते. साठी ओलांडलेल्यांसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१मध्ये ‘सेक्रेड’ हे रोजगार पोर्टल सुरू केले. माजी सैनिकांना रामकृष्णपुरममधील पुनर्वसन महासंचालनालय मदत करते. लेखा, निविदा, टिपणे यांचा अनुभव सल्लागाराच्या कामात उपयोगी पडतो. मराठी, हिंदी, इंग्रजी येणाऱ्यांना अनुवाद जमतो. गुरुग्राम-नोएडाची रोजची ये-जा थकवते, म्हणून अर्धवेळ किंवा घरबसल्या काम बरे. नोकरीसाठी आधीच पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे.