वाइंडिंगचे वॉर्निश का जळते?

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर भागात उन्हाळ्यात पंपाच्या मोटारी जळण्याचे प्रमाण वाढते. वाइंडिंग करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना काम मिळते हे खरे. पण तीच मोटार महिन्याभरात परत आली तर दुकानाचे नाव जाते. म्हणून तारेवरील एनॅमल व वॉर्निश, म्हणजेच रेझिन, उष्णतेने कसे बिघडते हे समजून घेणे फायद्याचे आहे.

रेझिन म्हणजे अणूंच्या लांब साखळ्यांचे विणलेले जाळे. उष्णता वाढली की हवेतील ऑक्सिजन या साखळ्यांवर हल्ला करतो. प्रथम रेझिन तपकिरी व ठिसूळ होते. मग साखळ्या तुटतात, त्यांचा वायू होऊन उडतो आणि बारीक तडे पडतात. तड्यांतून ओल शिरते. शेवटी उरतो कोळसा. त्यातून वीज वाहते व शॉर्ट होतो.

प्रत्येक मालाची मर्यादा ठरलेली आहे. ए वर्ग १०५, ई १२०, बी १३०, एफ १५५ आणि एच १८० अंश सेल्सिअस. ढोबळ नियम असा की मर्यादेपेक्षा दर १० अंश वाढीला आयुष्य निम्मे होते. एफ वर्गाचा माल १५५ अंशांवर २०,००० तास टिकतो असे धरले, तर १६५ वर १०,००० आणि १७५ वर ५,००० तासच टिकेल. एच वर्गाच्या तारेखाली ए वर्गाचा साधा लेदरॉइड पेपर घातला, तर मोटार ए वर्गाचीच समजावी.

मोटारीचे माप सहसा ४० अंश हवा धरून ठरते. पत्र्याच्या बंद खोलीत मे महिन्यात पारा त्याच्या वर जातो. त्यात कमी दाब किंवा एक फेज गेला की करंट वाढतो. म्हणून ग्राहकाला सावली, हवा व सिंगल फेज प्रिव्हेंटर यांचा सल्ला जरूर द्यावा.

जुनी वाइंडिंग उघड्या आगीत जाळू नये. सुमारे ३५० अंशांच्या वर पत्तीवरील लेप जातो, कोअर तापू लागते आणि नवी वाइंडिंगही लवकर जळते. शिवाय त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू असतात. कारागिराची व शेजारच्या लेकरांची छाती त्यात खराब होते. एका बाजूची गुंडाळी छिन्नीने कापावी, बेताची ऊब देऊन दुसऱ्या बाजूने ओढावी.

नवे वॉर्निश देण्यापूर्वी ओल काढावी आणि डब्यावर लिहिलेल्या तापमानावरच भट्टीत भाजावे. घाईने जास्त आच दिली तर वरून साय धरते व आत कच्चे राहते.